ढिली पिन

“दोन घंट्या वाजल्या का काटते,” बाजूची बाई म्हणाली. “तिसरी वाजूच देत नाही. दोन झाल्या का कट.”

ती कामिनीशी बोलत नव्हती. पलीकडच्या बाईशी बोलत होती. पण बाक तिघींचा आणि कामिनी मधोमध, त्यामुळे ती तक्रार सुपारीच्या वासासकट कामिनीच्या नाकासमोरून इकडून तिकडे गेली. “अन् घरी आली का म्हणते, आई, मी गाडीवर होती. रोज गाडीवरच राह्यते का वं? सून आहे का पोस्टमन आहे?” पलीकडची हसली. एरवी कामिनीही हसली असती. असल्या तक्रारी तिला आवडत; माणसं फोनवर रागावतात तेव्हा ती दुसऱ्याच कोणावर रागावलेली असतात, असं तिचं निरीक्षण होतं. पण आत्ता तिचा डावा अंगठा आपोआप मांडीवरच्या फाइलीवर दाबला गेला, इतका घट्ट की नख पांढरं पडलं आणि पुठ्ठ्याला खड्डा पडला. तो तिनं सोडवून घेतला, पदरात झाकला, आणि समोरच्या अर्धवट उघड्या दाराकडे बघत राहिली.

दाराआड मामाजी होते. तिचे सासरे, बाबनराव, वय बहात्तर. चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस, आता एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून केळ्याच्या चित्राला केळं म्हणायला शिकत होता. डिसेंबरातल्या त्या सकाळी डोक्यातली एक नस बंद पडली आणि उजवा हात गेला, वाचा गेली. पहिला महिनाभर एकच शब्द उरला होता, धोटा. पाणी हवं असलं तरी धोटा, लाइट बंद कर तरी धोटा, आणि भूपेश, त्यांचा मुलगा, कामावर निघाला की दाराकडे डावा हात करून अगदी मायेनं धोटा. मागावर जो इकडून तिकडे, तिकडून इकडे धावतो, सूत नेतो, तोच तेवढा त्या पडझडीतून शिल्लक कसा राहिला याचं काजल मॅडमना फार नवल वाटलं होतं. त्या वाचा-उपचार करत. बर्डीच्या बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत. त्यांनी सांगितलं होतं, शब्द मेलेले नसतात, रस्ते बुजलेले असतात. घरी रोज घासा, रोज. आणि घरी रोज घासणारी कामिनीच होती. सकाळी पोह्यांनंतर पाऊण तास, संध्याकाळी दिव्यानंतर पाऊण तास. पाणी. चष्मा. चप्पल. मामाजींचा घाम पुसत, त्यांच्या ओठांसमोर आपले ओठ हलवत तिनं एकेक शब्द ओढून काढला होता. फेब्रुवारीत दोन-दोन शब्द जुळायला लागले. होळीच्या दिवशी ते म्हणाले, “पुरण… गोड… नाई.” भूपेशच्या डोळ्यांत पाणी आलं. कामिनी स्वयंपाकघरात गेली आणि पुरणात आणखी साखर घालायच्या निमित्तानं गॅसजवळ उभी राहिली. ज्या माणसाला पुरण गोड नाही हे सांगता येतं, त्याला आणखी महिन्याभरात त्या सकाळचंही सांगता येईल. आणि ते सांगायचं त्याला तीच शिकवत होती.

लोकांना वाटे, काय सून आहे. मनीषनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये आधीच तिचं नाव होतं, ते वेगळ्या कारणानं. टाळेबंदीच्या त्या वर्षात भूपेशचा फोन कंपनीच्या बोधचिन्हावर अडकून पडला आणि दुकानं तर बंद. तीन दिवस ती त्या बोधचिन्हाकडे बघत बसली. मग कुठल्या कुठल्या पोरांचे हिंदी व्हिडिओ पाहिले, इंग्रजीत एकमेकांना उत्तरं देणाऱ्या अनोळखी लोकांची पानंच्या पानं शब्दकोश घेऊन वाचली, बारावीच्या पुढचा अभ्यास पंचेचाळिसाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर सुरू केला. तिला कळलं की फोन सुरू होतो तेव्हा सगळ्यांच्या आधी आत एक पहारेकरी जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात; कोणतं सॉफ्टवेअर आत सोडायचं ते तो ठरवतो, आणि कंपनीनं त्यालाच कुलूप घातलेलं असतं. ते कुलूप काढता येतं. काही कंपन्या त्यासाठी सात दिवस थांबायला लावतात, माणसानं विचार बदलावा म्हणून. आणि कुलूप निघताना आतलं सगळं पुसलं जातं, फोटो, नंबर, निरोप, सगळं. मग त्या रिकाम्या फोनवर, कंपनीनं म्हातारा म्हणून सोडून दिलेल्या फोनवर, जगभरातल्या हौशी लोकांनी फुकट बनवलेलं नवं, हलकं सॉफ्टवेअर चढवायचं. फोन तरणा होतो. पहिल्यांदा तिनं ते केलं तेव्हा तिला बाळंत झाल्यासारखं वाटलं होतं, पण हे ती कोणाला सांगत नसे, एकट्या भूपेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मंग आता बारसं बी कर.” त्यानंतर बिल्डिंगमधले, नात्यातले, उमरेडचे, सगळ्यांचे मरायला टेकलेले फोन तिच्या टेबलावर येत. ती प्रत्येकाला आधी एकच विचारी, आतलं कुठं उतरवून ठेवलं का? मामाजींचं आतलं मात्र कोणीच कुठं उतरवून ठेवलं नव्हतं.

त्या सकाळी टेबलावर यमुताईचा फोन होता. यमुताई म्हणजे मामाजींची थोरली लेक, उमरेडला दिलेली. फोन सहा वर्षांचा, चार्जिंगची पिन ढिली. एवढंच होतं, पिन ढिली होती. कुलूप आदल्या दिवशी निघालं होतं, आता नवं चढवायचं, आणि चढवताना लॅपटॉपची केबल एका क्षणासाठीही निसटली तर फोनची वीट होते, असंच म्हणतात त्या लोकांत, वीट. पुन्हा सुरू होणं नाही. एखादी शहाणी बाई आधी पिन बदलून आली असती. कामिनीनं केबल डाव्या अंगठ्यानं दाबून धरली आणि श्वास रोखून एंटर दाबलं. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. आणि तिचा स्वतःचा फोन, तिथंच, त्याच टेबलावर, काचेवर थरथरायला लागला. मामाजी. थंडीत ते रोज सात वाजता चहा घेऊन गच्चीवर उन्हाला जात आणि तिथून दिवसभर फोन लावत. वांदरं आली. माहा चष्मा खालीच राह्यला का पाह्य. चहा ठेव, उतरून राह्यलो. तीन मजल्यांवरून फोन लावणारा सासरा ही तिची बिल्डिंगमध्ये सांगायची गंमत होती. काच थरथरली, तिच्या अंगठ्याखाली केबल थरथरली. तिनं उजव्या करंगळीनं फोन कापला. पुन्हा थरथरला. पुन्हा कापला. मग तिसऱ्यांदा थरथरण्याआधीच तिनं विमानाचं चित्र दाबून टाकलं, म्हणजे कोणाचाच लागायला नको, आणि दोन्ही डोळे त्या सरकत्या ओळींवर लावले. नंतर यमुताईचा फोन सुरू झाला, रंगांचं एक वर्तुळ गोल गोल फिरत राहिलं, आणि पाऊण तास ती त्या फोनचं कौतुक करण्यात, मराठी कीबोर्ड घालण्यात, यमुताईच्या नातीचा फोटो मागे लावण्यात गुंग होती. विमानाचं चित्र दाबलेलं तिच्या डोक्यातून साफ उतरलं. अकरा पस्तीसला गच्ची झाडणारी भीमाबाई ओरडत खाली आली.

घटनेचा हा भाग ती रोज नीट ओळीनं आठवत असे. याच्यात तिची चूक होती, पण ती चूक माणसासारखी होती. कोणाचंही झालं असतं. आठवायचा नव्हता तो पुढचा भाग, आणि तो ओळीनं येतच नसे, तुकड्यातुकड्यानं येई, भाजी चिरताना, ब्लाउजचा हुक लावताना. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांचा मास्क. मास्कवर पेनाची निळी रेघ. “शेवटचे चांगले कधी होते? कोणी पाहिलं, कोणी बोललं त्यांच्याशी? नेमकी वेळ सांगा, एक इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं.” भूपेश तेव्हा मौद्याच्या प्लांटवर, बसमध्ये बसायच्या धडपडीत. दोन घरचे शेजारी तिच्या मागे उभे. साडेबारा वाजले होते. कामिनीच्या हातात फोन होता. विमानाचं चित्र तिनं रिक्षातच काढलं होतं, आणि काढताच पडद्यावर वरच्या वर दोन लाल बाण दिसले होते. दहा बावन्न. दहा बावन्न. दहा बावन्नला त्यांच्या बोटांना तिचं नाव सापडत होतं. तिनं तोंड उघडलं. मागे शेजारीण म्हणाली, “तुमचा फोन नाही लागत होता ना कामिनीताई, मीही लावला.” आणि कामिनी म्हणाली, “टॉवर नव्हता.” मग डॉक्टरांना म्हणाली, “सातला चहा घेऊन वर गेले, तेव्हा चांगले होते.” डॉक्टरांना सांगितलेल्यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं, सात ते साडेबारा, साडेपाच तास, आणि नकारार्थी मान हलवली. दहा बावन्नपासून मोजलं असतं तर दोन तासही झाले नव्हते. म्हणाले, बाकीचं सगळं करतो आपण.

ते इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं, हे कोणीच सांगू शकत नाही. तिनं वाचलं होतं. ज्या चिकाटीनं ती बूटलोडरबद्दल वाचत असे त्याच चिकाटीनं महिनाभर तेच वाचलं. दिलेल्यांतले कित्येक तसेच राहतात. कित्येक चालत घरी जातात. यात आपले मामाजी कोणत्या ओळीत, हे लिहिलेलं कुठंच सापडलं नाही. लॅपटॉप तिनं कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. लोक फोन घेऊन आले की सांगे, आता वेळ नाही हो, मामाजींचं पाहायचं असते. आणि लोक आणखीच कौतुकानं परत जात.

आणि भूपेश. तिसऱ्या दिवशी, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, तो वडिलांचा फोन घेऊन बसला होता, नातेवाइकांना कळवायला. तिनं दुरून पाहिलं की त्याचा अंगठा पडद्यावर सरकता सरकता थांबला. थांबूनच राहिला. मग त्यानं फोन खिशात घातला, तिच्याकडे आला आणि विचारलं, “चहा पितं का?” एवढंच. त्या दिवसापासून त्यानं तिला फोन लावलेला नाही. लिहून पाठवतो. निघालो. दूध आणू का. बस उशिरा आहे. सव्वीस वर्षांच्या संसारात जो माणूस ‘हॅलो’च्या आधी ‘काय करून राह्यली’ म्हणायचा, तो आता दोन-दोन शब्द पाठवतो, मामाजींसारखे.

“कामिनीताई, या ना आत,” काजल मॅडम म्हणाल्या. “आज एक मजा बघा.”

आत टेबलावर चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा होता. तसाच एक घरी होता. त्यातून कामिनीनं एक पत्ता काढून डाळीच्या डब्याखाली ठेवला होता. काजल मॅडमनी पत्ता उलटला. घड्याळ. “घ… घळी,” मामाजी म्हणाले. छत्री, आली. खुर्ची, आली. ते खुशीत होते; चांगला डावा हात मांडीवर ताल धरत होता. मॅडमनी पुढचा पत्ता उलटला आणि कामिनीनं तो पुरता उलटण्याआधीच ओळखला, घरी डब्याखाली ठेवलेला तोच. “हे काय आहे, काका? रोज हातात असतो. वाजतो. सांगा बरं.” मामाजींनी फोनच्या चित्राकडे पाहिलं. मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या कामिनीकडे पाहिलं. ते पाहणं लांबत गेलं. त्यांचे ओठ हलले, फोनमधला फ म्हणताना हलतात तसेच, वरचे दात खालच्या ओठावर. हे दात ओठांवर ठेवायला तिनंच त्यांना ‘फूल’ शिकवताना शिकवलं होतं. मग त्यांनी दात उचलून घेतले.

“धोटा,” ते म्हणाले.

“अरे! धोटा तर आपण सोडून दिला होता ना काका?” मॅडम हसल्या, पत्ता बाजूला ठेवला. “चालतं. थकले. होतं असं.” कामिनीही म्हणाली, होतं असं. पण जिना उतरताना, त्यांची काख धरून, तिच्या मनात एकच होतं. त्यांना शब्द आला होता. आला होता आणि त्यांनी तो परत आत ठेवला. रिक्षात ते तिच्या खांद्याला टेकून बाहेर बघत बसले, बर्डीची गर्दी, मेट्रोचे खांब, उसाच्या रसवंत्या, आणि ती हिशेब मांडत राहिली: त्यांना सगळं आठवतं. दोनदा कापलेलं आठवतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून, एक बाजू गेलेली असताना, कानाशी धरलेल्या फोनमध्ये त्यांनी कटल्याचा आवाज ऐकला, मग पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. आणि मग संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं सांगणारी ती बाई. किती वेळ ऐकत असतील तिला? ते सांगणार. कधी सांगणार, एवढंच ठरवायचं बाकी. सांगू द्या, असं एक मन म्हणे, आणि लगेच दुसरं म्हणे की उद्यापासून संध्याकाळचा पाऊण तास कमी केला तर? नुसतं संध्याकाळचा. आणि हा विचार आपल्यालाच आला हे कळून तिला रिक्षातच घाम फुटला. “गर्मी… लय,” मामाजी म्हणाले, आणि आपल्या डाव्या हातानं, वेडावाकडा, तिला वारा घातला.

घरी यमुताई आलेल्या होत्या. उमरेडच्या बसनं, पिशवीभर सांडगे घेऊन. भूपेशची रात्रपाळी होऊन झोप झालेली, तो दाढी वाढलेला, चहा गाळत होता. यमुताईंनी बापाच्या पायाशी बैठक मारली, मोबाइल काढला, चष्मा कपाळावर ढकलला. “पाहा बाबा, तुमच्या नातीची पोरगी. चालाले लागली.” मग कामिनीकडे वळल्या. “फोन तं तू सोन्यावानी करून देल्ला वं. फक्त एक गोठ आहे. बंद करून सुरू केला का दरवेळी एक इंग्रजी पाटी येते. आमच्या पिंट्यानं वाचून दाखवली. म्हणते, या फोनवर भरोसा ठेवू नका. मी म्हणलं, बाप्पा, खुद फोनच सांगून राह्यला, आता आपुन काय करावं!”

“कुलूप काढलं ना ताई, म्हणून येते,” कामिनी म्हणाली. “पाच सेकंदानं जाते ते.”

“जाते, जाते. पण मले दरवेळी भेव वाटते.”

भूपेशनं कप आणून ठेवले. मामाजींच्या कपात बिस्कीट बुडवून त्यानं त्यांच्या डाव्या हातात दिलं. मग यमुताई बापाच्या गेलेल्या हाताची बोटं एकेक करून चोळू लागल्या, आणि चोळता चोळता, कोणाकडेही न बघता, म्हणाल्या, “एक मले समजत नाही. बाबा, तुमच्या तं हातातच राह्यते फोन. वांदरं आली तरी लावत होते. मंग त्या दिवशी काहून नाही लावला गा कोणाले? एवढा टाइम पडून राह्यले…”

भूपेश कपाच्या तळाशी बघत होता. कामिनीला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला, आणि आपण उठून तो बंद करायला जावं असं वाटलं. मामाजींनी बिस्कीट खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. आज सकाळचे चाळीस शब्द झालेले, थकलेले, तरी त्यांनी मान पुढे काढली आणि तोंड उघडलं, आणि कामिनीनं, सवयीनं, आपलेही ओठ उघडले, त्यांना पुढचा आवाज दाखवायला. कोणता आवाज दाखवायचा ते तिला कळेना.

“टा…” मामाजी म्हणाले. लाळ ओघळली. भूपेश पुढे झाला, त्यांनी त्याला डाव्या हातानं थांबवलं. “टाव… टावर.” दम घेतला. “टावर… नोता.”

“नव्हताच,” भूपेश लगेच म्हणाला. फारच लगेच. “त्या दिवशी पूर्ण मनीषनगरात नव्हता, ताई.”

“अगं माय!” यमुताईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. “अख्खं बोलले! टावर नोता म्हणे! पाह्यलं का वं कामिनी, किती साफ बोलले बाबा!” त्या हसत होत्या, रडत होत्या, बापाच्या गालावरची लाळ पदरानं पुसत होत्या. “अन् मी खुळी इचारून राह्यली, काहून नाही लावला म्हणून. टावरच नव्हता तं काय करतीन बिचारे!”

टॉवर हा शब्द कामिनीनं शिकवलेला नव्हता. पत्त्यांत नव्हता, सरावाच्या वहीत नव्हता; काजल मॅडमच्या यादीतही नव्हता. शेजारणीच्या तोंडून तो त्यांनी ऐकलेला असणार. हा शब्द त्यांनी एकट्यानं घासला होता, दुपारी सगळे झोपल्यावर किंवा पहाटे, भिंतीकडे तोंड करून, कुणी ओठ हलवून न दाखवता. इतक्या कष्टानं परत मिळालेल्या चार-दोन डझन शब्दांतून त्यांनी तिच्यासाठी हा एक खोटा शब्द तयार करून ठेवला होता, कोणी विचारलं तर असावा म्हणून. आता ते दमून खुर्चीत मागे टेकले होते. तिच्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते, काम झालेल्या माणसासारखे.

“चहा थंडा होते तुहा,” भूपेश तिला हळूच म्हणाला. किती दिवसांनी तो तिच्याशी एवढं तोंडानं बोलला होता. त्याच्या डोळ्यांत विनंती होती, स्पष्ट, की राहू दे. आता झालं ना. राहू दे.

कामिनीनं कप उचलला आणि परत ठेवला.

“टॉवर होता, ताई,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कोणीतरी शिकवून म्हणवून घेतल्यासारखा, तुटत तुटत. “मामाजींचा फोन लागला होता. दहा बावन्नले. मले त्याइचं नाव दिसलं, अन् मी काटला. अन् डॉक्टरनं टाइम इचारला, तवा मी चूप राह्यली.”